झडपेत झडप उपचार

हृदयात पूर्वी शस्त्रक्रियेने बसवलेली जैविक झडप निकामी झाली, तर छाती पुन्हा न उघडता कॅथेटरमधून, म्हणजे रक्तवाहिनीत सरकवलेल्या बारीक नळीतून, नवी झडप नेऊन जुनीच्या आत बसवण्याची पद्धत. डॉक्टर तिला 'व्हॉल्व्ह-इन-व्हॉल्व्ह' म्हणतात. जुनी झडप काढत नाहीत. डब्यात डबा बसावा तशी नवी तिच्यात बसते.

जैविक झडपेची पाती गाईच्या हृदयावरणाची किंवा डुकराच्या झडपेची असतात. धातूच्या झडपेसाठी लागतात तशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागत नाहीत, म्हणून संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या आणि पुढे मूल हवे असलेल्या तरुणींसाठी ती बरेचदा निवडतात. मात्र साधारण १० ते १५ वर्षांत पाती कॅल्शियम साचून ताठरतात किंवा फाटतात, आणि तरुण वयात हे लवकर घडते.

कॅथेटरने महाधमनी झडप (हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी) बसवण्याची सुरुवात आलँ क्रिबिये यांनी १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे केली. निकामी जैविक झडपेत ती बसवण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये मान्यता दिली. द्विदल झडपेसाठी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) ती २०१७ मध्ये मिळाली. महाधमनी झडपेपर्यंत सहसा जांघेतील धमनीतून जातात. द्विदल झडपेसाठी शिरेतून उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) शिरून दोन कर्णिकांमधला पडदा भेदावा लागतो. धातूच्या झडपेत हे जमत नाही, कारण तिच्या कठीण चकत्या दाबून बाजूला सारता येत नाहीत.

खरी अडचण जागेची. झडपेवर छापलेले माप आणि आतला खरा व्यास एक नसतो. २१ मिमीची झडप आतून १९ मिमी किंवा त्याहून अरुंद निघते. कंपनीगणिक बदलणारा हा घोळ निस्तरण्यासाठी हृदयशल्यविशारद विनायक बापट यांनी तयार केलेले मोबाइल ॲप जगभर वापरले जाते. जागा फारच अपुरी असेल, तर काही जातींच्या जुन्या झडपांचे पाती धरून ठेवणारे कडे उच्च दाबाच्या फुग्याने मुद्दाम तडकवतात. सगळी कडी मात्र तडकत नाहीत.

दुसरा धोका क्वचित उद्भवतो, पण जीवघेणा असतो: बाहेर ढकललेली जुनी पाती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचे तोंड बुजवतात. त्यावर 'बॅसिलिका' पद्धतीत विद्युतप्रवाह सोडलेल्या तारेने पाते आधीच उभे चिरतात. या साऱ्या खटपटी टाळण्यासाठी काही शल्यविशारद पहिल्याच शस्त्रक्रियेत महाधमनीचे मूळ रुंदावून मोठ्या मापाची झडप बसवतात.