जुनं व्हर्जन वेगळं, शिळं व्हर्जन वेगळं

‘अपडेट करू नका, फोन स्लो होतो’ हा सल्ला प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरत असतो. त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘जुनं व्हर्जन वापरणं म्हणजे हॅकरला आमंत्रण.’ मग दोघांची जुंपते. गंमत अशी, की पहिल्याचा राग असतो अपग्रेडवर आणि तो बंद करून बसतो अपडेट. दुसऱ्याला काळजी असते अपडेटची आणि तो लोकांच्या गळ्यात मारतो अपग्रेड.

अपग्रेड काय ते सगळ्यांना माहीत आहे. विंडोज १० जाऊन ११ येतं, स्टार्टचं बटण मधोमध सरकतं, जुना स्कॅनर बोलेनासा होतो. अपडेटमध्ये आहे तेच व्हर्जन राहतं आणि त्यात सापडलेली भोकं, म्हणजे हॅकर घुसू शकेल अशा त्रुटी, बुजवली जातात. डाउनलोड किती मोठा, रीस्टार्ट किती वेळा, फुकट की पैसे देऊन, हे फरक लोक तावातावाने सांगतात. ते सोडून द्या, त्यांवरून काही ठरत नाही.

घोळ होतो तो इथे: व्हर्जनचा आकडा जुना असणं आणि त्या व्हर्जनच्या दुरुस्त्या थांबलेल्या असणं, या दोन गोष्टी लोक एकच धरतात.

दोन फोन घ्या. एकावर अँड्रॉइड १३ आहे आणि गेल्या महिन्याचा सिक्युरिटी पॅच, म्हणजे भोकं बुजवणारी दुरुस्ती. दुसऱ्यावर अँड्रॉइड १४ आहे, पण पॅच दीड वर्षापूर्वीचा. कुठला जास्त सुरक्षित? पहिला. तरीही दुकानात पहिला प्रश्न असतो ‘अँड्रॉइड कितवं?’ आणि दुकानदारही तोच आकडा अभिमानाने सांगतो. पॅचची तारीख सेटिंग्जमध्ये, बहुतेक फोनांत ‘अबाउट फोन’च्या आत कुठेतरी, लिहिलेली असते. ती विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे. फोन घेताना अँड्रॉइडचा आकडा कितीही असो, पॅच किती वर्षं मिळणार तेवढं विचारा. गूगलने आपल्या पिक्सेल ८ या फोनपासून सात वर्षांचं वचन दिलं आहे. इतर कंपन्यांच्या स्वस्त मॉडेलांबाबत हाच प्रश्न टाका आणि विक्रेत्याचा चेहरा बघा.

सर्व्हरच्या जगात तर हे आणखी स्वच्छ दिसतं. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या, दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायच्या प्रोग्रॅममधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. मूळ प्रकल्पाने ती ९.८ या नव्या व्हर्जनमध्ये दुरुस्त केली. डेबियन १२ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर मात्र ओपनएसएसएचचं ९.२ होतं आणि ते ९.२च राहिलं. डेबियनवाल्यांनी फक्त ती दुरुस्ती उचलून जुन्या व्हर्जनमध्ये बसवली. याला बॅकपोर्ट म्हणतात, आणि डेबियनचं ‘स्टेबल’, म्हणजे स्थिर, व्हर्जन चालतं ते याच पद्धतीवर. पण काही ऑडिटवाले नुसता आकडा वाचतात, ‘९.२, धोकादायक’ असा लाल शेरा मारतात आणि पुढचा आठवडाभर सिस्टीम ॲडमिन त्यांना पॅकेजच्या व्हर्जन-आकड्याची शेपटी, जिथे ही दुरुस्ती नोंदलेली असते, ती वाचायला शिकवत बसतो.

उलट बाजूचं उदाहरण वॉनाक्रायचं. १२ मे २०१७ ला हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, जगभर पसरलं, ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या, आणि खापर फुटलं विंडोज एक्सपीवर. ‘बघा, जुनं वापरता ना!’ प्रत्यक्षात कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या पाहणीत बाधित यंत्रांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ ची निघाली. विंडोज ७ तेव्हा जुनं होतं, पण बेवारस नव्हतं. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० पर्यंत चालायचा होता, आणि या भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच, म्हणजे दोन महिने आधी, दिलेला होता. ज्यांनी तो लावला त्यांचं विंडोज ७ त्या भोकातून फुटलं नाही. बाकीच्यांना विंडोज १० वर जायची गरज नव्हती. आलेला पॅच तेवढा लावायचा होता.

मग लोकांनी तो का लावला नाही? कारणं अनेक आहेत, आणि त्यातलं एक मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या हाताने तयार केलं. २०१५-१६ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ वर ‘विंडोज १० घ्या’ असा तगादा लावणारा प्रोग्रॅम आला तोच मुळी विंडोज अपडेटमधून. पुढे खुद्द अपग्रेड ‘रेकमेंडेड’ अपडेटांच्या यादीत जाऊन बसलं. मे २०१६ मध्ये तर ती खिडकी कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून बंद केली, तरी ठरलेल्या वेळच्या अपग्रेडला तुमचा होकार धरला जात होता. वैतागलेल्या माणसाने काय करावं? त्याने विंडोज अपडेटच बंद केलं. असं केलेल्यांकडे मग मार्च २०१७ चा पॅचही आला नाही. औषध आणि जाहिरात एकाच पुडीत बांधली, तर लोक पुडीच फेकणार.

ॲपलही याला अपवाद नाही. २०२१ मध्ये आयफोनचं आयओएस १५ आलं तेव्हा, १४ वरच राहून फक्त सुरक्षेचे अपडेट घेण्याची मुभा मिळाली होती. माझ्या मते ही फोनच्या जगातली सगळ्यात शहाणी सोय. जानेवारी २०२२ पर्यंत ती गुंडाळली गेली. आणि ‘फोन स्लो होतो’ ही तक्रार हवेतून आलेली नाही. थकलेल्या बॅटरीचे आयफोन आपण मंद करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं, आणि ती करामत आली होती १०.२.१ या चिल्लर दिसणाऱ्या अपडेटमधून.

अपडेट म्हणजे गंगाजल, असंही मी म्हणत नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हे घातक सॉफ्टवेअर पसरलं ते एम.ई.डॉक या युक्रेनमधल्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच, आणि त्याचा फटका थेट न्हावाशेवापर्यंत आला. जेएनपीटी या तिथल्या बंदरातलं, मेर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं कंटेनर टर्मिनल अडकून पडलं. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी केली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. म्हणून मी घरच्या लॅपटॉपवर अपडेट आठवडाभर मागे ठेवतो. आठवडाभर म्हणजे आठवडाभरच. अपग्रेडला मात्र सहा महिने हात लावत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही.

सध्या हा फरक सगळ्यात जास्त कामाचा आहे तो विंडोज १० वाल्यांना. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि प्रोसेसर यांच्या अटींमुळे कितीतरी धडधाकट यंत्रांना ११ अधिकृतपणे घेताच येत नाही. अशांनी घाबरून नवा लॅपटॉप घेऊ नये. घरगुती वापरासाठी एक वर्षाची जादा सुरक्षा-अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तिच्यात नवं फीचर एकही मिळत नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, आणि हवं असतं तेवढंच. पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. ‘माझं तर चालतंय’ म्हणून गप्प बसलेल्याचं विंडोज १० आणि नोंदणी केलेल्याचं विंडोज १० वरून अगदी सारखंच दिसतं.

राहिले आपले डीटीपीवाले, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावणारे. पेजमेकर ७ हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर आणि युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षर-पद्धत येण्यापूर्वीचे मराठी फॉन्ट यांवर ज्यांची वीस वर्षांची कामं पडून आहेत, त्यांना ‘अपग्रेड करा’ सांगणं सोपं आहे. त्या फाइलमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तिथे अपग्रेड म्हणजे सगळा मजकूर कन्व्हर्ट करून पुन्हा प्रूफ वाचणं, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. त्यांनी ते यंत्र खुशाल ठेवावं, पण इंटरनेट आणि ऑफिसचं नेटवर्क दोन्ही काढून. ईमेल, जीएसटी आणि बँक दुसऱ्या यंत्रावर. पेनड्राइव्ह दोन्हीकडे फिरणार असेल, तर तो आधी त्या दुसऱ्या यंत्रावर स्कॅन करायचा.