वीस टक्के, पण कशाचे? नफ्याचा वाटेकरी आणि भागीदार

जळगावची डाळ मिल असो, सावदा-रावेरकडचं केळी पिकवायचं चेंबर असो की दोंडाईच्याची मिरची पूड, धंदा एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेला की शेठ बाहेरून जाणता माणूस आणतात. पन्नाशीतला, मोठ्या कंपनीत खरेदी किंवा विक्री सांभाळलेला. त्याचा पगार झेपत नाही, म्हणून बोलणं ठरतं: "भाऊ, वीस टक्के तुमचे." चहा होतो, हात मिळतात. शेठच्या मनात वर्षाच्या नफ्याचे वीस टक्के असतात, येणाऱ्याच्या मनात धंद्याचे. दोन-तीन वर्षांनी सीएच्या टेबलावर जी भांडणं येतात, त्यातली बहुतेक इथलीच.

नफ्यात वाटा असलेला मॅनेजर म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. पगार घेतो, वर्षाअखेर ठरलेला वाटा घेतो, नोटीस देऊन जातो किंवा काढता येतो. तोटा झाला तर वाटा शून्य, खिशातून काही द्यायचं नाही. त्याचा वाटा धंद्याचा खर्च धरला जातो आणि त्याच्या हातात पगार म्हणून करपात्र होतो. नफ्यात वाटा दिला की माणूस आपोआप भागीदार होतो, ही समजूत खोटी आहे. 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 6 नोकराला दिलेला नफ्याचा वाटा नावानिशी बाजूला काढतं.

भागीदार मात्र मालक असतो, आणि लोक नेमके इथे घसरतात. नफ्याचं प्रमाण ही फक्त वर्षाची वाटणी आहे असं सगळे धरून चालतात. डीडमध्ये (भागीदारीच्या लेखी करारात) वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर फर्म मोडताना देणी आणि भांडवल फेडून जे उरतं, तेही त्याच प्रमाणात वाटलं जातं (कलम 48).

आकड्यांत बघा. एमआयडीसीतला प्लॉट आणि शेड वहीत 8 लाखांना आहे, बाजारात 80 लाखांचा. शेठ प्रोप्रायटर (एकटे मालक) होते, आता फर्म झाली, सगळं फर्मच्या भांडवलात गेलं. जाताना 8 लाखांनाच गेलं, कारण फर्मच्या वहीत जी किंमत लिहाल तीच विक्रीची किंमत धरून शेठवर भांडवली नफ्याचा कर लागतो. कर वाचवायला सीएने जुनी किंमत ठेवली. त्याच्या जागी ते बरोबरच. पाच वर्षांनी फर्म मोडली, प्लॉट 80 लाखांना गेला, वरचे 72 लाख नफ्याच्या प्रमाणात वाटले. वीस टक्क्यांचे झाले 14 लाख 40 हजार. ज्या काळात ही किंमत वाढली त्या काळात नवा भागीदार दुसऱ्याच गावात नोकरी करत होता. यात त्याने लबाडी केलेली नाही. डीडने दिलं, त्याने घेतलं.

यावर आमचं मत ठाम आहे: जमीन आणि शेड फर्ममध्ये घालूच नका. मालकाच्या नावावर राहू द्या, फर्मने भाडं द्यावं, आणि तसा करार लेखी असावा. प्लॉट एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याचा असेल तर त्यांची परवानगी आधी, सह्या मागून. जागा घालावीच लागली, तर भागीदारी सुरू होण्याच्या तारखेपर्यंतची वाढ एकट्या जुन्या मालकाची, असं कलम डीडमध्ये रकमेसह लिहा.

नावाचंही तसंच. पाकिटावरचा ब्रँड, व्यापाऱ्यांतली पत, उधारीवर माल देणारे आडते, हे गुडविल आहे आणि कायद्याने ती फर्मची मालमत्ता धरली जाते. ती मोजता येते. समजा गेल्या तीन वर्षांचा सरासरी नफा 40 लाख. शेठच्या दीड कोटी भांडवलावर 12 टक्क्यांनी व्याज 18 लाख, त्यांच्या कामाचा रास्त पगार 6 लाख. उरले 16 लाख. हा धंद्याच्या नावाने मिळणारा जादा नफा. त्याची दोन वर्षांची रक्कम धरली तर गुडविल 32 लाख, आणि वीस टक्क्यांचे 6 लाख 40 हजार नव्या भागीदाराने द्यायचे. रोख नसतील तर त्याच्या वाट्यातून चार वर्षांत वळते करा. "अनुभव हेच त्याचं भांडवल" हे वाक्य ऐकलं की आमचं डोकं फिरतं. अनुभवाला पगार असतो. मालकीला किंमत असते, ती एक रुपया ठरवली तरी ठरवून लिहायला हवी.

वरच्या हिशेबातून दुसरी गोष्टही दिसते. वीस टक्के 40 लाखांवर धरले तर 8 लाख, 16 लाखांवर धरले तर 3 लाख 20 हजार. त्यात फर्मच्या नफ्यावर सेससह 31.2 टक्के कर आधी जातो, मग भागीदाराच्या हातात साधारण 2 लाख 20 हजार पडतात. त्यावर मात्र त्याला पुन्हा कर नाही. तेव्हा नफा म्हणजे व्याज, भागीदारांचा पगार, जागेचं भाडं, घसारा आणि कर यांतलं काय काय वजा करून, ते एका ओळीत लिहा. मॅनेजरच्या पत्रातही लिहा. भांडवलावरचं व्याज 12 टक्क्यांवर नेऊ नका, त्यापुढचं खर्च म्हणून मान्य होत नाही.

सहीचा अधिकार. मॅनेजरला तुम्ही जेवढा द्याल तेवढा. भागीदाराने धंद्याच्या ओघात चार ट्रक तूर उधार उचलली, तर फर्म बांधली गेली आणि शेठचं घरही, कारण जबाबदारी प्रत्येकाची पूर्ण असते. आतली मर्यादा डीडमध्ये घाला, पण माल देणाऱ्या आडत्याला ती माहीत नसेल तर ती त्याच्यावर चालत नाही. मोठ्या पुरवठादारांना आणि बँकेला लेखी कळवा. येणाऱ्यानेही सावध असावं: जुन्या कर्जाला तो कायद्याने बांधील नसतो, पण सीसी लिमिट (धंद्यासाठीची बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा) नव्याने करताना बँक त्याची वैयक्तिक हमी मागते, आणि ती सही झाली की हे संरक्षण कागदावर राहतं.

मॅनेजरला मान म्हणून 'पार्टनर' लिहिलेलं कार्ड छापून देण्याची आपल्याकडे भारी हौस. ते बंद करा. त्या कार्डावर विसंबून कोणी उधारी दिली, तर कलम 28 प्रमाणे मॅनेजर स्वतः भागीदारासारखा जबाबदार ठरतो. 'जनरल मॅनेजर' लिहा, मान तेवढाच राहतो.

काढण्याचं बघा. डीडमध्ये कलम नसेल तर बहुमतानेही भागीदाराला काढता येत नाही. उलट मुदत आणि मोडण्याची पद्धत न लिहिलेली भागीदारी कोणीही एक जण लेखी नोटीस देऊन मोडू शकतो. भागीदार वारला तरी, वेगळं लिहिलं नसेल तर, फर्म मोडते. आणि शेठ मंडळी हमखास विसरतात ते हे: पोरगं शिकून आल्यावर त्याला भागीदार करायचं, तर नव्या भागीदाराचीही संमती लागते. आपल्याच धंद्यात आपल्या मुलासाठी परवानगी मागायची वेळ नको असेल, तर मुलाच्या प्रवेशाची आगाऊ संमती पहिल्याच डीडमध्ये घ्या. स्टॅम्प वेंडरकडच्या दोन पानी तयार नमुन्यात यातलं काहीही नसतं.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली तर जबाबदारी मर्यादित होते, पण बँकेची हमी आणि जुन्या किमतीचा प्रश्न तिथेही तसाच राहतो.

आमची पसंती अशी: आधी दोन हिशेबी वर्षं मॅनेजर, पगार अधिक नफ्याचा वाटा, आणि पत्रात स्पष्ट की भागीदारीचं वचन दिलेलं नाही. मग भागीदारी, तीही 1 एप्रिलपासून. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर डीड करायचा आग्रह असतो. पूजा खुशाल आखाजीला करा, पण वर्ष मध्ये तोडलंत तर त्या दिवसाचा साठा, येणी-देणी सगळं मोजून वेगळा ताळेबंद काढावा लागेल. प्रोप्रायटरची फर्म होत असेल तर पॅन नवा, जीएसटी नंबर नवा, उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी नवी. जुन्या नंबरावरचं शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची उरलेली वजावट) आयटीसी-02 फॉर्मने नव्यावर न्यायचं, आणि ते झाल्याशिवाय जुना नंबर रद्द करायचा नाही. बाजार समितीचा परवाना आणि अन्नपरवानाही याच यादीत. फर्म आधीच असेल तर नव्या भागीदाराचं नाव जीएसटीत 15 दिवसांच्या आत घाला आणि फर्म्सच्या निबंधकाकडेही बदल नोंदवा. नोंद नसलेल्या भागीदाराला फर्मवर किंवा इतर भागीदारांवर भागीदारीच्या करारावरून दावा लावता येत नाही, म्हणून ही शेवटची पावती येणाऱ्याने स्वतः मागून घ्यावी.