निचरा चर (नागपूर जिल्हा)

ओलिताखालच्या शेतातले जादा पाणी नाल्यात किंवा नदीत नेऊन सोडणारी उघडी चारी. पाट (शेताला पाणी देणारा कालवा) उंच धारेवरून जातो, चर लवणातून, म्हणजे सखल भागातून. पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी धरणावरून निघणाऱ्या उजव्या व डाव्या कालव्यांच्या लाभक्षेत्रात चर बहुधा जुन्या ओढ्यांच्याच रेषेत आखतात.

रामटेक-मौद्याकडील धानपट्ट्यात वेगळा चर खोदण्याची रीत फार जुनी नसावी. मालगुजारी (मालगुजार, म्हणजे जुन्या जमीनदारांकडील) तलावांखाली पाणी बांधीतून (बांध घातलेल्या धानाच्या खाचरातून) बांधीत उतरत शेवटी नाल्याला मिळे. सिंचन आणि निचरा एकाच वाटेने होई. या तलावांचा काळ ढोबळमानाने सोळावे ते अठरावे शतक धरतात. ते बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या लोकांना गोंड राजांनी काशीकडून आणले, ही परंपरा प्रसिद्ध असली तरी सावधपणेच घ्यावी. पाटाचे पाणी मात्र पावसाळ्यानंतरही येत राहते, आणि गहू-हरभऱ्याला बांधीतले साचलेले पाणी चालत नाही, म्हणून वेगळा चर लागतो.

जमीन पाणथळ केव्हा म्हणावी, याबद्दल दोन मते आहेत. राष्ट्रीय कृषी आयोगाने (१९७६) मुळांचा थर पाण्याने भरून हवा कोंडणे हा निकष मानला. १९९१ च्या केंद्रीय कार्यगटाने भूजल २ मी.च्या आत असणे ही मर्यादा घातली. नागपूरच्या काळ्या जमिनीला पहिला निकष अधिक लागू पडतो. तिची माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली झिरपेनासे होते. मग विहिरीची पातळी खोल असूनही ढेकूळ हातात चिकट गोळा होतो व तुरीची पाने पिवळी पडतात. येथील सु. १,१०० मिमी. पावसापैकी बहुतेक जून ते सप्टेंबरात पडतो, तेव्हा ही अडचण पाट नसलेल्या शेतातही दिसते. संत्र्याच्या बागेत दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने चर काढतात तो याचसाठी. ओल्या बुडख्याला फायटोप्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू लागतो व डिंक गळू लागतो.

काळ्या मातीत चराचे काठ उभे ठेवले तर उन्हाळ्यात भेगाळून पहिल्याच पावसात ढासळतात, म्हणून ते पसरट काढावे लागतात. तळात गाळ साचतो आणि पानकणीस व बेशरम ही झुडपे-गवते माजतात. बेशरमाची तोडलेली फांदी काठावरच टाकली तर तिथेच रुजते.

सिंचनासाठी विदर्भात १९३१ चा मध्य प्रांत कायदा होता. त्याची जागा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ ने घेतली. चर बुजवून धुरा (शेताची हद्द) पुढे सरकवण्याचे तंटे बहुधा गावातच मिटतात.