गुळवेल आणि यकृत: वाद कुठून सुरू झाला

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. इतर कारणे तपासून बाजूला सारल्यावर त्यांच्यात समान गोष्ट उरली ती गुळवेलीची. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वादाला तोंड फुटले.

गुळवेल आपल्याकडे नवी नाही. तापात वैद्य ती देत आले आहेत. औषधकोशात चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे, काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम. पण हे आजारी माणसाला, वैद्याच्या नजरेखाली द्यायचे औषध. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ते धडधाकट माणसांच्या रोजच्या सवयीत शिरले. ऑक्टोबर २०२० च्या सरकारी आयुर्वेद-योग नियमावलीत कोरोनाच्या प्रतिबंधासाठी गुडूची घनवटी (गुळवेलीच्या आटवलेल्या अर्काची गोळी) ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस ते महिनाभर, असे सांगितले होते. लोकांनी ही मुदत पाळली नाही. कोणी अंगणातल्या वेलीचे खोड उकळून महिनोन्‌महिने प्यायले, कोणी त्यासोबत बाजारातल्या गोळ्याही घेतल्या.

इजा कशी होते, हे समजून घेण्यासारखे आहे. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते, आणि तिची ख्यातीही त्यासाठीच. ज्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती दबून असते, त्याच्यात हीच चेतना घातक ठरू शकते. अनेक रुग्णांच्या बायोप्सीत, म्हणजे यकृताचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याने येणाऱ्या सुजेसारखे) चित्र दिसले. म्हणून थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार किंवा यकृताचा जुना आजार असलेल्यांनी विशेष जपायला हवे.

जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वेल नेमकी कोणती होती याची खात्री केलेली नाही. मुद्दा रास्त होता. टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीची जवळची नातलग. तिच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठी असतात आणि तीही यकृताला बाधते. बाजारात सुकलेले तुकडे आले की फरक ओळखणे अवघड. पण २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात सेवन सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक (निम्म्या रुग्णांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) ४६ दिवस होता. इतक्या ठिकाणची प्रकरणे केवळ चुकीच्या वेलीवर ढकलता येत नाहीत, असे आमचे मत आहे.

हे पहिल्यांदा घडलेले नाही. फ्रान्समध्ये जर्मँडर ही वनस्पती शतकानुशतके चहासारखी घेतली जात होती. १९८६ पासून ती वजन कमी करण्याच्या कॅप्सूलमधून विकली जाऊ लागली, हिपॅटायटिसची प्रकरणे येऊ लागली आणि १९९२ मध्ये तिच्यावर बंदी आली. वनस्पती तीच; स्वरूप, मात्रा आणि घेणारा माणूस बदलला होता.

निदान लांबते ते बहुधा एका प्रश्नामुळे. डॉक्टर विचारतात, "औषध कोणते चालू आहे?" रुग्ण म्हणतो, "काही नाही." काढा त्याच्या लेखी औषध नसतोच. म्हणून काढा, चूर्ण, रस, वजन कमी करायची पावडर असे एकेक नाव घेऊन विचारावे लागते. रुग्णाने पाकीट आणि उरलेली वनस्पती सोबत न्यावी.

भूक जाणे, मळमळ, गडद लघवी, खाज, डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काही दिसले तर सेवन त्याच दिवशी थांबवून रक्तातले एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारे), बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) तपासावे. एसजीपीटी सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीहून आणि बिलिरुबिन दुपटीहून वर असेल, तर अशा रुग्णांपैकी साधारण दहातला एक दगावतो किंवा त्याला यकृत प्रत्यारोपण लागते. त्याला घरी ठेवू नये. आयएनआर वाढलेला किंवा रुग्ण गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर प्रत्यारोपणाची सोय असलेले रुग्णालय गाठावे. बहुतेकांचे यकृत सेवन थांबवल्यावर सावरते, काहींना स्टेरॉइड द्यावे लागतात. बरे वाटल्यावर तीच वनस्पती पुन्हा सुरू केली तर इजा अधिक लवकर आणि अधिक तीव्र होऊ शकते, म्हणून ती कायमची बंद ठेवावी.