मागचाच क्राऊन-पिनियन बदला, पुढचा राहू दे?

जुन्या जीपवाल्यांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय: हायवेला गाडी मोकळी पळायला फक्त मागच्या एक्सलमधले क्राऊन-पिनियन गिअर बदलून त्याचा रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) बदला, पुढचा तसाच ठेवा, फोर बाय फोर कितीसं लागतं!

टू व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं गाडी ढकलतात तेव्हा, खरंच काही होत नाही, म्हणून हे पटतं. पण या गाड्यांना सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतो, फोर व्हील टाकलं की पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे जाणारे दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. आता पुढे जुना 5.38 आणि मागे 4.88 असेल तर पुढची चाकं 100 मीटर जातात तेवढ्यात मागची 110 मीटर जायला बघतात. हे 10 मीटर कुठेतरी घसरूनच निघणार, चिखलात टायर घसरतात, पण खडकावर पकड असली की सगळा ताण ट्रान्सफर केस (ताकद दोन्ही एक्सलना वाटणारा गिअरबॉक्स), जॉइंट आणि एक्सलवर, फोर व्हीलचा लिव्हरसुद्धा अडकतो. आणि फोर व्हील लागतं ते नेमकं घाटातल्या अवघड जागी, तिथे काही तुटलं तर जिवावर बेतू शकतं हो.

सेकंडहँड एक्सल घेताना तर नक्की तपासा. गाडी न्यूट्रल, टू व्हीलमध्ये, बाकी चाकांना दगड लावा (बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या शाफ्टवरच असतो, तो सोडावा लागतो), एक चाक जॅक-स्टँडवर घेऊन पूर्ण 2 फेरे फिरवा (समोरचं चाक स्थिर असल्याने हे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याइतकंच) आणि शाफ्टचे फेरे मोजा. सव्वापाचच्या थोडे वर आले तर 5.38, पाचला जरा कमी तर 4.88. पुढे मोजताना हब (चाक एक्सलला जोडणारी कळ) लॉक करा. दोन्हीकडे आकडा सारखाच यायला हवा.