डिस्ने क्रूझ फक्त पोरांसाठी? नाही हो!
बरेच जण अजूनही सांगतात की डिस्नेची क्रूझ म्हणजे पोरंबाळं असणाऱ्यांसाठीच, नवरा-बायको दोघंच गेलात तर बोअर व्हाल. अजिबात तसं नाहीये! १९९८ मधे डिस्ने मॅजिक हे पहिलं जहाज निघालं तेव्हापासून त्यावर मोठ्यांसाठी वेगळा पूल आहे, पालो नावाचं इटालियन रेस्टॉरंट आहे (१८ च्या आतल्यांना नो एंट्री, पैसे वेगळे, बुकिंग आधीच करा), आणि बहामातल्या त्यांच्या कॅस्टअवे के बेटावर सेरेनिटी बे हा अख्खा बीच मोठ्यांचाच, शिवाय पोरं बराच वेळ किड्स क्लबमधे असतात. कसिनो मात्र नाही, आणि तिकीट महाग आहे हे खरंय. रोजच्या जेवणाला दोघांचंच टेबल हवं असेल तर आधी सांगून ठेवा, मिळेलच असं नाही पण विचारायला काय जातंय.