घरच्यांना ट्रॅकची काळजी शिकवायची पद्धत कुठून आली : पार्श्वभूमी

ट्रॅक म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी, गळ्याला भोक पाडून थेट श्वासनलिकेत श्वासासाठी ट्यूब बसवायचं ऑपरेशन. अशी ट्यूब लावलेल्या पेशंटला घरी सोडायच्या आधी घरच्यांना सक्शन (बारीक नळीनं आतला स्राव ओढून काढणं), टाय (ट्यूब मानेला बांधणारी पट्टी) बदलणं, ट्यूब बदलणं, ट्यूब निघून आली तर काय करायचं असं सगळं शिकवतात, आणि हे पहिल्यापासून असंच चालत आलंय असं बऱ्याच जणांना वाटतं. ऑपरेशन फार जुनं आहे, पण ते घरच्यांच्या हाती सोपवणं ही मोठ्या प्रमाणावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली गोष्ट. त्यात पेशंटनं घरी राहावं ही इच्छा होतीच, पण आयसीयूच्या खाटा महिनोन् महिने अडकून पडत होत्या आणि बिलं फुगत होती, हे कारणही तितकंच मोठं होतं आणि त्याच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

घटसर्पाच्या काळात, म्हणजे 19व्या शतकात, ही शस्त्रक्रिया प्रामुख्यानं गुदमरणाऱ्या मुलांसाठी व्हायची आणि 20व्या शतकाच्या सुरुवातीला तिचं तंत्र बऱ्यापैकी बसलं. तेव्हाची ट्यूब धातूची, बहुतेक चांदीची, आत एक बाहेर एक अशी दुहेरी. थोडे लोक ती घेऊन घरी जायचेही, पण त्यांना शिकायला लागायचं ते आतली नळी काढून ब्रशनं घासायची, उकळायची आणि परत बसवायची इतकंच. बाहेरच्या नळीला हात लावायचं काम डॉक्टरचं.

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या पेशंटना ट्रॅक करून त्यातून हातानं पिशवी दाबून हवा द्यायची असं ठरलं, आणि ती पिशवी दाबायला वैद्यकीय आणि दंतवैद्यकीचे मिळून सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून बसले. आधी असे 80 टक्क्यांहून जास्त पेशंट दगावायचे, ते प्रमाण निम्म्यावर आणि पुढे त्याहूनही खाली आलं. या साथीची गोष्ट नेहमी आयसीयूचा जन्म म्हणून सांगतात. पण माझ्या मते त्यातली दुसरी बाब आपल्या विषयासाठी जास्त कामाची आहे, ती म्हणजे तज्ज्ञ नसलेला माणूसही नीट दाखवून दिलं की तासन् तास कोणाचा तरी श्वास सांभाळू शकतो. चारच वर्षांनी, 1956 मध्ये, डेन्मार्कमध्येच आपोआप फुगणारी पिशवी निघाली, जिला आज सगळे अँबू बॅग म्हणतात, आणि ती आता घरोघरी ट्रॅक पेशंटच्या उशाशी असते.

खरा बदल लहान मुलांमुळे झाला. 1960 आणि 70 च्या दशकांत वेळेआधी जन्मलेली बाळं वाचायला लागली, पण आठवडेच्या आठवडे तोंडातून ट्यूब राहिल्यानं काहींची श्वासनलिका स्वरयंत्राच्या खाली आकसायची आणि मग ट्रॅक करावं लागायचं, ते वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही राहायचं. त्याच सुमाराला चांदी मागे पडून पीव्हीसीच्या ट्यूब आल्या. आता तान्ह्या बाळाची ट्यूब इतकी बारीक की तिच्यात आतली नळी बसवायला जागाच नाही, त्यामुळे ती चोंदली की अख्खी ट्यूब काढून नवीन घालायची, दुसरा इलाज नाही. म्हणजे घरी जायचं असेल तर आईबापांना पूर्ण ट्यूब बदलायला आलीच पाहिजे! आतली नळी घासण्यापासून थेट गळ्यातली ट्यूब उपसून दुसरी बसवण्यापर्यंत ही जी उडी आहे ती कोणी समिती बसवून ठरवली नव्हती, ट्यूबच्या मापानं ती भाग पाडली.

तरी बरीच मुलं हॉस्पिटलमध्येच वाढत होती. अमेरिकेत 1981 मध्ये एका तीन वर्षांच्या मुलीची केस गाजली. तान्ही असताना मेंदूज्वर झाला होता, तेव्हापासून ती हॉस्पिटलमध्ये व्हेंटिलेटरवर होती. नंतर घरी नेण्याइतकी सुधारली, पण सरकारी योजना हॉस्पिटलचा खर्च द्यायची आणि घरी नेलं तर आईवडिलांचं उत्पन्न आडवं येऊन मदत बंद व्हायची, घरी खर्च कितीतरी कमी असूनसुद्धा. खुद्द राष्ट्राध्यक्षांनी पत्रकार परिषदेत हे उदाहरण दिलं, मुलगी त्याच वर्षी घरी गेली आणि 1982 मध्ये कायद्यात राज्यांना तशी सोय करायची मुभा मिळाली. 1982 च्याच डिसेंबरात व्हेंटिलेटरवरच्या मुलांना घरी कसं पाठवायचं यावर तिथे सरकारी पातळीवर कार्यशाळाही झाली. इथून पुढे घरच्यांचं ट्रेनिंग हा डिस्चार्जचा अधिकृत भाग व्हायला लागला. आणि इथूनच, हे माझं मत, नर्सचं पगारी काम बिनपगारी होऊन आईकडे गेलं. बाप शिकत नाहीत असं नाही, पण रात्री अलार्म वाजला की उठणारं माणूस बहुतेक घरांत कोण असतं ते वेगळं सांगायला नको.

ट्रेनिंगचा साचा 80 आणि 90 च्या दशकांत तयार झाला, तो अजून बराचसा तसाच आहे. आधी नर्स करून दाखवते, मग घरचा माणूस बाहुलीवर करतो, मग पेशंटवर नर्ससमोर करतो, चेकलिस्टवर सही होते. ऑपरेशननंतरची पहिली ट्यूब सर्जन बदलतात, पुढची घरचे बदलून दाखवतात. टाय किती घट्ट तर मान आणि पट्टीच्या मध्ये एक बोट जाईल इतकी. पेशंटबरोबर एक पिशवी कायम, त्यात त्याच मापाची ट्यूब, एक साईज लहान ट्यूब, टाय, कात्री, जेली, सक्शनचं सामान. शेवटी 24 तास किंवा जास्त वेळ हॉस्पिटलच्याच खोलीत सगळं घरच्यांनी करायचं, स्टाफ फक्त बाहेरून लक्ष ठेवणार. या शेवटच्या टप्प्यात भल्याभल्यांची पाचावर धारण बसते, पण उपयोग असेल तर याचाच सगळ्यात जास्त आहे.

आता मुख्य वादाकडे येऊ, तो सक्शनचा. हॉस्पिटलमध्ये नर्सना शिकवलेलं असतं की सक्शन म्हणजे निर्जंतुक ग्लोव्ह्ज, दर वेळी नवीन कॅथेटर (सक्शनची बारीक नळी), एकदा वापरला की टाकला. हेच घरी करायचं म्हटलं तर दिवसाला दहा-वीस वेळा सक्शन लागणाऱ्या पेशंटसाठी कॅथेटरचे ढीग लागतील. म्हणून घरी 'क्लीन' पद्धत आली, म्हणजे साबणानं स्वच्छ हात धुवायचे, कॅथेटरच्या टोकाला हात लावायचा नाही, वापरून झाल्यावर कॅथेटर धुवून वाळवून परत वापरायचा. समर्थन असं की हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या पेशंटचे, औषधांना न जुमानणारे जंतू असतात, घरी पेशंट स्वतःच्याच जंतूंसोबत राहतो. लघवीच्या कॅथेटरबाबत हाच युक्तिवाद 1972 मध्ये अमेरिकेत मांडला गेला होता, तेव्हाही डॉक्टरांनी नाकं मुरडली होती आणि पुढे तीच रूढ पद्धत झाली.

2000 साली अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेनं लहान मुलांच्या ट्रॅकबद्दल एकमतानं शिफारशी काढल्या, त्यात घरी क्लीन पद्धत चालेल असं आलं. एकमतानं म्हणजे तज्ज्ञांच्या एकमतानं, भक्कम अभ्यास तेव्हा हाताशी थोडेच होते आणि त्यांनीही ते झाकून ठेवलं नाही. पण कॅथेटरच्या पाकिटावर 'फक्त एकदाच वापरा' असं छापलेलं असतं ते तसंच राहिलं. म्हणजे ट्रेनिंग देणारा एक सांगतो, पाकीट दुसरंच सांगतं, आणि वॉर्डात प्रत्यक्ष बघितलेलं असतं ते तिसरंच. घरचा माणूस बिचारा विचारतो की बाई, मग आमच्या पेशंटला हॉस्पिटलमध्ये ग्लोव्ह्ज लागत होते ते घरी का लागत नाहीत, आम्ही स्वस्तातलं करतोय का? वरचं जंतूंचं उत्तर खरं आहे, पण खर्चाचाही त्यात हात आहे हे मोकळेपणानं सांगितलं तर लोकांना जास्त पटतं असं मला वाटतं. आणि क्लीन म्हणजे कसंही चालतं असं नाही, हात न धुता किंवा ओला कॅथेटर तसाच डब्यात कोंबून ठेवला तर ती क्लीन पद्धत राहतच नाही.

याच शिफारशींमधला दुसरा मुद्दा कॅथेटर किती आत घालायचा. जुनी पद्धत अशी की अडेपर्यंत आत घालायचा, थोडा मागे घ्यायचा, मग सक्शन चालू करून बाहेर काढायचा. पण अडतं म्हणजे काय, तर टोक श्वासनलिकेच्या खाली फाटा फुटतो तिथल्या अस्तरावर आपटतं. दिवसातून कितीतरी वेळा तेच झालं की तिथे जखम होते, रक्त येतं, वाढलेलं मांस तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही खोल सक्शनचं नुकसान दिसलं होतं. म्हणून मोजून घालायची पद्धत पुढे आणली. त्याच मापाची जादा ट्यूब हातात धरायची, तिच्यात कॅथेटर घालायचा, कॅथेटरच्या बाजूची भोकं ट्यूबच्या टोकाबाहेर जेमतेम डोकावली की थांबायचं आणि वरच्या तोंडाशी कॅथेटरवर सेंटीमीटरचा कोणता आकडा येतो तो लिहून सक्शन मशीनवर चिकटवायचा. इतकंच आत, पुढे नाही. अंगठा आणि तर्जनीत कॅथेटर फिरवत ठेवायचा म्हणजे ती भोकं ट्यूबच्या सगळ्या बाजूंनी फिरतात, आणि सगळं 5 सेकंदांच्या आत उरकायचं. लहान मुलांसाठी दाब 80 ते 100 मिमी पारा.

यात जुन्या लोकांना सगळ्यात खटकलं ते हे की मोजून घालताना आत जातानाही आणि बाहेर येतानाही सक्शन चालू ठेवायला सांगितलं होतं, कारण टोक ट्यूबच्या फारसं बाहेर जातच नाही तर अस्तर ओढलं जायची भीती कमी. पिढ्यान् पिढ्या नर्सना आत जाताना सक्शन बंद असंच शिकवलं होतं. त्यामुळे एकाच हॉस्पिटलात सकाळच्या पाळीत एक आणि रात्रीच्या पाळीत एक असं शिकवलं जाणं हा प्रकार बरीच वर्षं चालला, अजूनही कुठे कुठे चालतो. सलाईनचंही तसंच, दर सक्शनच्या आधी सवयीनं दोन थेंब टाकायचे ही पद्धत नको असं 2000 मध्येच म्हटलं होतं, हवा नीट दमट ठेवा म्हणजे स्राव घट्ट होणार नाही हा त्यामागचा विचार, पण सलाईनची छोटी बाटली काही उशाजवळून हलली नाही. हे भिजत घोंगडं घरच्यांच्या गळ्यात पडतं कारण शेवटी दोन सिस्टरनी दोन गोष्टी सांगितल्या की निवड त्यांनाच करावी लागते.

2012 मध्ये ब्रिटनमध्ये ट्रॅकच्या इमर्जन्सीसाठी सोपे तक्ते आले, हिरवा आणि लाल. हिरवा ज्यांचा नाकातोंडाकडून श्वासाचा मार्ग शक्यतो शिल्लक आहे त्यांच्यासाठी, लाल ज्यांचं स्वरयंत्रच काढलंय त्यांच्यासाठी, कारण त्यांना तोंडावर मास्क लावून काहीच उपयोग नाही. ते मुख्यतः स्टाफसाठी होते पण घरच्यांच्या ट्रेनिंगमध्येही क्रम झिरपला, आधी मदत बोलवा, सक्शन करून बघा, कॅथेटर आत जात नसेल तर ट्यूब बदला. 2013 मध्ये अमेरिकेतल्या कान-नाक-घसावाल्यांनीही डिस्चार्जच्या आधी पेशंट आणि घरच्यांचं ट्रेनिंग झालंच पाहिजे असं म्हटलं. आवाज करणाऱ्या आणि निळ्या पडणाऱ्या बाहुल्यांवर सराव याच सुमाराला वाढला, त्याचा फायदा असा की ट्यूब निघाली ही वेळ खऱ्या पेशंटवर न आणता अनुभवता येते.

छातीच्या डॉक्टरांच्या त्याच अमेरिकन संघटनेच्या 2016 च्या शिफारशी घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलांसाठी होत्या. निदान दोन घरच्यांना खास ट्रेनिंग हवं, आणि शिकलेलं, जागं असलेलं माणूस पूर्ण वेळ पेशंटजवळ हवं. वाचायला बरोबरच आहे. पण दोन माणसं आणि 24 तास जागं राहणं हे गणित रात्रीची नर्स मिळाल्याशिवाय सुटत नाही, आणि नर्स मिळत नाही म्हणून मुलं घरी जायला तयार असूनही आठवडेच्या आठवडे वॉर्डात थांबतात. ज्यांना घरी पाठवलं जातं त्यांच्यात जागं राहण्याची सगळी भिस्त मग पल्स ऑक्सिमीटरच्या अलार्मवर असते. ट्रेनिंग कितीही चांगलं केलं तरी इथे घोडं अडतंच, आणि याची जबाबदारी ट्रेनिंग देणाऱ्यांवर ढकलणं मला तरी चुकीचं वाटतं.

2020 मध्ये कोविडमुळे लांबलेल्या व्हेंटिलेटरनंतर ट्रॅक झालेले मोठे पेशंट एकदम वाढले आणि त्याच वेळी वॉर्डात नातेवाइकांना बंदी. शेजारी उभं राहून शिकवणं थांबलं, मग व्हिडिओ कॉलवर, रेकॉर्डिंग पाठवून, डिस्चार्जच्या दिवशी घाईघाईत हातात कॅथेटर देऊन शिकवलं गेलं. बंदी उठल्यावर प्रत्यक्ष सराव परत सुरू झाला पण व्हिडिओ टिकला, विशेषतः घरी गेल्यावरच्या उजळणीसाठी. ती उजळणी लागतेच, कारण मूल वाढतं, ट्यूबचं माप बदलतं आणि मशीनवर चिकटवलेला सेंटीमीटरचा आकडा जुनाच राहतो. व्हिडिओ कॉलवर फोन मशीनकडे वळवायला सांगितलं की पहिल्याच मिनिटात ते लक्षात येतं.